खटका का मोडतो? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात प्लॅस्टिकच्या डब्याला स्क्रू लावायचा की हुक द्यायचा यावर चार ओळी लिहिल्या होत्या, वाटलं होतं असल्या विषयावर कोण पत्र पाठवतंय. पण पत्रं आली, आणि जवळजवळ सगळी एकाच दुखण्याची, हुक मोडतो. ज्यांना हा प्रकार काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी, स्नॅप-फिट म्हणजे स्क्रू न लावता दाबलं की टक् करून बसणारा जोड, दप्तराचं बकल, चार्जरचा डबा, रिमोटचं झाकण, सगळं तेच. कुणी लॉक म्हणतं, कुणी क्लिप म्हणतं, मला आपला खटका हा शब्द आवडतो, बसल्याचा आवाज त्या शब्दातच आहे.

प्रश्न : ताई, मी नाशिकला विहिरीच्या मोटारीचा कंट्रोलर बनवतो, छोटा धंदा आहे, तीन माणसं. डबा एबीएस या कडक प्लॅस्टिकचा, झाकणाला चार हुक. एबीएसच्या ब्लॉकमधून सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर, सॅम्पल काढून बघितली. हुक २ मिमी जाड, ६ मिमी लांब, पुढची नाक १ मिमी. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मोडला म्हणून जाडी अडीच केली तर आता पहिल्यांदा लावतानाच मोडतो. मोल्ड, म्हणजे साचा, टाकायच्या आधी ३ करून बघू का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : नका करू दादा, तीन केलात तर अजून लवकर मोडेल. तुमची काही चूक नाही, हात आपोआप तिकडेच जातो, मोडतंय ना मग जाड करा. खांबाला ते चालतं, खटक्याला चालत नाही, कारण खांबाने वाकायचं नसतं आणि खटक्याला वाकावंच लागतं. तुमची नाक १ मिमीची आहे म्हणजे झाकण आत जाताना हुकाला १ मिमी बाजूला व्हावंच लागणार, तो जाड असो की बारीक, त्यातून सुटका नाही. कडुनिंबाची काडी घ्या, लांब आणि बारीक असली तर बोटाएवढी वाकेल, तीच जाड फांदीचा बोटभर तुकडा घेऊन तेवढाच वाकवून बघा.

आता गणित, घाबरू नका, एका ओळीचं आहे. सरळ पट्टीसारखा हुक असेल तर त्याच्या मुळाशी प्लॅस्टिक किती ताणलं जातं, म्हणजे स्ट्रेन, ते असं निघतं : दीड गुणिले जाडी गुणिले वाक, आणि त्याला भागिले लांबीचा वर्ग. तुमचे आकडे टाका, दीड गुणिले २ गुणिले १ म्हणजे ३, भागिले ३६, आले ८.३ टक्के. जाडी अडीच केल्यावर झाले १०.४. आणि साध्या एबीएसला एकदाच लावायच्या जोडासाठी डिझाइनमध्ये धरतात दोन टक्क्यांच्या आत. इतक्या आखूड हुकाला हे सूत्र अगदी तंतोतंत बसत नाही हे खरं, मागची भिंतही थोडी लवते, पण चौपट-पाचपट फरक असताना तो हिशेब करत बसण्यात अर्थ नाही.

सूत्रात बघा लांबी कुठे बसलीय, खाली आणि वर्गात. जाडी निम्मी केली तर स्ट्रेन निम्मा होतो, लांबी दुप्पट केली तर पाव होतो. म्हणून आधी लांबी शोधायची. तुमच्या डब्यात हुक १२ मिमी लांब, दीड मिमी जाड आणि नाक ०.८ केली तर स्ट्रेन येतो १.२५ टक्के, हा चालेल. आणि जाडी मुळापासून टोकापर्यंत निमुळती करत टोकाला निम्मी ठेवली तर तेवढ्याच वाकाला स्ट्रेन आणखी कमी होतो, साधारण १.६ ने भागा, कारण मग सगळा वाक मुळाशी न येता पूर्ण लांबीभर वाटला जातो.

तुम्ही म्हणाल डबाच उथळ आहे, १२ मिमी आणू कुठून. हुकाच्या दोन्ही बाजूंनी झाकणाच्या भिंतीला उभ्या चिरा द्या, म्हणजे हुक भिंतीच्या कडेपासून सुरू न होता तेवढा आतून सुरू होतो आणि बाहेरून डब्याची उंची तीच राहते. नाहीतर हुक उभा न ठेवता भिंतीच्या कडेने आडवा झोपवा, डब्याला लांबी भरपूर असते, उंची नसते. किंवा यू आकारात वळवून आणा. तेही जमत नसेल तर हुक आखूड आणि कडक ठेवा आणि समोरची भिंत लवू द्या, कुणीतरी एकाने वाकायचं आहे, तो हुकच असला पाहिजे असा काही नियम नाही.

मुळाशी गोलाई द्या, हे सगळ्यात स्वस्त औषध आहे आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारंही. कोपरा काटकोनात सोडला की सगळा ताण त्या एका रेषेत गोळा होतो. जाडीच्या निम्मी त्रिज्या धरा, तुमच्याकडे पाऊण मिमी. त्याहून फार मोठी केली तर मुळाशी प्लॅस्टिकचा गोळा होतो आणि बाहेरच्या बाजूला खड्डा पडतो, सिंक मार्क.

आणि हुकाच्या मागे जागा ठेवा. हे मी हसत हसत लिहितेय पण माझा पहिला डबा यातच गेला होता, हुक सुंदर, हिशेब बरोबर, आणि हुकाच्या मागे पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, एक कपॅसिटर उभा होता. हुक मागे जाणार कुठे? कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनमध्ये, हुक नेहमी मोकळ्या अवस्थेत काढलेला असतो, त्यामुळे इंटरफिअरन्स चेक, म्हणजे भाग एकमेकांत घुसतात का ते, केला तरी काही दिसत नाही, तो वाकल्यावर कुठे जातो ते आपणच डोक्यात धरायचं. मी आता हुकाची वाकलेली अवस्था वेगळ्या बॉडीत काढून ठेवते आणि मागे नाकेएवढी जागा अधिक अर्धा मिमी सोडते.

दाबायला किती जोर लागेल तेही बघून घ्या. वरचा १२ मिमीचा सरळ हुक, ६ मिमी रुंद, एबीएस, तर तो वाकवायला साधारण ५ न्यूटन, पुढचा उतार ३० अंशाचा धरून आणि घर्षण धरून आत ढकलायला ८ च्या आसपास. चार हुक एकदम म्हणजे तीस-बत्तीस न्यूटन, तीन किलोचं वजन. अंगठ्याने होईल पण दिवसाला पाचशे डबे बसवणाऱ्या पोराला संध्याकाळी विचारा. म्हणून माझं मत विचाराल तर चार हुक देऊच नका, एका बाजूला दोन कडक जिभा द्या ज्या खाचेत सरकतात, आणि दुसऱ्या बाजूला दोन हुक, झाकण तिरकं घालायचं आणि दाबायचं. आणि झाकण जागेवर बसवण्याचं काम हुकांवर टाकू नका, त्याला कडेला लिप आणि ग्रूव्ह, म्हणजे एका बाजूला उंच कड आणि दुसऱ्या बाजूला तिची खाच, द्या, हुकाने फक्त धरून ठेवायचं.

एक शेवटचं, हे सूत्र कॅडमध्येच लिहून ठेवा. फ्यूजनमध्ये पॅरामीटर आहेत, सॉलिडवर्क्समध्ये इक्वेशन्स, फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीट, लांबी जाडी नाक अशी नावं द्या आणि चौथ्या ओळीत स्ट्रेन. मग रात्री अकराला कुणी फोन करून डबा २ मिमीने बुटका करा म्हणालं की लगेच दिसतं काय बिघडतंय.

प्रश्न : आमच्या घरी तीन रिमोट आहेत आणि तिन्हींना रबर बँड आहे. झाकणाचा तो छोटा खटका दोन वर्षं पण टिकत नाही. मुद्दाम तसं बनवतात का? (एक काकू, डोंबिवली)

उत्तर : काकू, मुद्दाम म्हणणार नाही, कंजूषपणा म्हणेन. पण त्या खटक्याचा आकार बघा एकदा, वाकडा यूसारखा असतो ना? ती हुशारी आहे, सातपूरच्या दादांना वर सांगितलं तेच, एवढ्याशा जागेत लांबी मिळवायची म्हणून पट्टी वळवून परत आणलेली असते. पट्टी जिथे वळते तिथे आतल्या बाजूला गोलाई नीट ठेवली आणि प्लॅस्टिक बरं वापरलं तर तो वर्षानुवर्षं टिकतो. मोडतो तो बहुतेक वेळा सेल बदलताना नाहीच, रिमोट सोफ्यावरून फरशीवर पडतो तेव्हा आतल्या सेलचा दणका झाकणाला बसतो आणि सगळा जोर त्या एका खटक्यावर येतो.

फेविक्विकने चिकटवायच्या फंदात पडू नका, ते वाळून कडक होतं आणि चिकटवलेली जागा तर वाकायची असते, तिसऱ्या दिवशी परत सुटणार. रबर बँड चांगला आहे, फक्त उन्हाळ्यात वितळून चिकटतो, त्यापेक्षा दोन बोटं रुंद टेपची पट्टी लावा.

प्रश्न : मी पुण्यात डिझाइनर आहे, दोन वर्षं झाली. सॉलिडवर्क्समध्ये स्नॅप हुकचं तयार टूल आहे, पाच मिनिटांत सहा हुक टाकले, मॉडेल मस्त दिसत होतं. टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवतात तिथे, गेले तर तिथले मिस्त्रीकाका बघून म्हणाले, ‘मॅडम, हे साच्यातून निघणार कसं?’ आणि सगळे हसले. मला नीट कुणी समजावून सांगेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस गं, त्यातल्या निम्म्यांना कॅड उघडता येत नाही. पण काकांचा प्रश्न मात्र अगदी खरा आहे.

मोदकाचा साचा डोळ्यासमोर आण. दोन पाकळ्या मिटायच्या, सारण भरायचं, पाकळ्या उघडायच्या, मोदक बाहेर. आता समज त्या मोदकाला कुणी आतल्या बाजूला एक नाक काढली, पाकळी सरळ उघडताना ती नाक तुटणार नाहीतर पाकळीच अडकणार. इंजेक्शन मोल्डचंही तेच, एक बाजू कॅव्हिटी, एक बाजू कोअर, दोन्ही एका सरळ रेषेत उघडतात, आणि हुकाची नाक त्या रेषेला आडवी येते. यालाच अंडरकट म्हणतात. टूलने तुला हुक काढून दिला, त्याच्या समोरची खाचही काढून देईल, पण मोल्ड कुठल्या दिशेला उघडतो हे त्याला कुणी विचारलंच नाही. स्ट्रेनचंही ते काही सांगत नाही, ते तुझं तूच बघायचं.

वाटा तीन आहेत आणि मी त्या खर्चाच्या क्रमाने सांगते. पहिली, हुकाच्या नाकेच्या बरोबर खाली डब्याच्या तळाला एक चौकोनी खिडकी सोडायची. मग त्या खिडकीतून मोल्डच्या एका बाजूचं लोखंड आत येऊन नाकेची खालची बाजू तयार करतं, हलणारा भाग एकही नाही, काही बिघडायचं नाही. याला शटऑफ म्हणतात, लोखंडाला लोखंड घासून मिटतं म्हणून तिथे तीन ते पाच अंशांचा उतार हवा, सरळ ठेवलंस तर घासून घासून कड जाते आणि खिडकीत फ्लॅश, म्हणजे फटीतून निघालेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, यायला लागतो, मग एक बाई ब्लेड घेऊन बसलेली दिसते प्रत्येक डबा साफ करत. तोटा म्हणजे बाहेरून भोक दिसतं, आणि पाण्याचा, धुळीचा डबा असेल तर ही वाट बंदच. घरातला कुठलाही स्वस्त चार्जर किंवा खेळणं उलटं करून बघ, हुकाखाली ही खिडकी सापडेल, एकदा दिसली की मग सगळीकडे दिसते.

दुसरी वाट लिफ्टर. मोल्डमधला एक तिरका तुकडा, माल बाहेर ढकलताना तो वर येता येता बाजूलाही सरकतो आणि नाकेतून सुटतो. भोक नको असेल तर हेच. पण त्याला सरकायला आतल्या बाजूला जागा लागते, तिथे तू रिब (आधाराची पट्टी) किंवा बॉस (स्क्रूचा खांब) ठेवलास तर लिफ्टर त्यावर आदळणार, आणि मी हे डिझाइनरांना इतक्या वेळा करताना बघितलंय की आता मॉडेल उघडलं की आधी तिथेच बघते. तिसरी वाट साइड कोअर, म्हणजे बाजूने सरकणारा मोल्डचा तुकडा, खाच बाहेरच्या बाजूला असेल तर. मोल्ड मोठा होतो, महाग होतो, एक नग काढायचा वेळही थोडा वाढतो. सहा हुकांना सहा लिफ्टर म्हणजे टूलरूमवाला कोटेशन देताना मनातल्या मनात नाचणार, म्हणून आधी सहाचे दोन कर.

मॉडेल करायच्या आधी एक गोष्ट ठरव, उघडायची दिशा. ती रेष काढ, मग ड्राफ्ट अॅनालिसिस, म्हणजे कॅडमधलं उतार तपासायचं टूल, लाव आणि लाल काय दिसतंय ते बघ. हुकाच्या पट्टीला अर्धा ते एक अंश उतार दे, त्याने माल साच्यातून सुटतोही आणि पट्टी निमुळतीही होते, दोन्ही कामं एकात. डब्याची भिंत अडीच मिमी असेल तर तिच्यातून निघणारा हुक सव्वा ते दीडच्या वर नेऊ नकोस, नाहीतर बाहेरून सिंक मार्क, आणि मार्केटिंगवाल्यांना डब्यावरचा तेवढा एकच डाग दिसतो. गेट, म्हणजे प्लॅस्टिक साच्यात शिरायचं तोंड, कुठे देणार तेही विचार, कारण दोन बाजूंनी आलेलं वितळलेलं प्लॅस्टिक जिथे भेटतं तिथे वेल्ड लाइन पडते, ती नेमकी हुकाच्या मुळाशी आली तर तुझा सगळा हिशेब पाण्यात.

आणि मिस्त्रीकाकांना जिंकायचं असेल तर त्यांना हे सांग की नाक मी मुद्दाम ०.१-०.२ ने कमी ठेवलीय, ट्रायलनंतर वाढवू. लोखंड खरवडून काढता येतं, म्हणजे मालावर प्लॅस्टिक वाढवता येतं, उलटं करायचं तर लोखंडाला वेल्डिंग मारावं लागतं आणि ते कुणालाच आवडत नाही. हे ऐकून काका चहा मागवतील.

प्रश्न : आमचा नायलॉन ६६ च्या वायर क्लिपचा जॉब आहे, चाकणला सप्लाय. एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाइकाच्या लाइनवर क्लिप लावताना हुक तडकतात, रिजेक्शन येतं. जुलैमध्ये तक्रार आपोआप बंद. मोल्ड तोच, मशीन तेच, प्लॅस्टिकचा दाणा तोच. दर वर्षी तेच. काय जादू आहे? (एक वाचक, भोसरी)

उत्तर : जादू पावसाची आहे, आणि हे मी गमतीने म्हणत नाही. नायलॉन हवेतलं पाणी पितं. साच्यातून निघतो तेव्हा माल हाडासारखा कोरडा असतो, कडक आणि ठिसूळ, मग हळूहळू हवेतला ओलावा घेत दोन-तीन टक्के पाणी धरतो आणि त्यानंतरच तो लवचिक, चिवट होतो. काचेचे तंतू न मिसळलेल्या नायलॉनला डिझाइनमध्ये कोरड्या अवस्थेत साधारण ४ टक्के स्ट्रेन धरतात आणि ओलावा घेतलेल्या अवस्थेत ६. तुमचा हुक बहुधा पाचच्या आसपास चाललेला आहे. जुलैत गोदामात पडल्या पडल्या माल पाणी पिऊन तयार होतो, एप्रिलच्या कोरड्या हवेत तुम्ही आज काढलेला माल परवा पोचवता आणि तो तसाच तहानलेला लाइनवर जातो.

उपाय सोपा आहे, मालाला पाणी पाजा. गरम पाण्यात काही तास बुडवून ठेवतात, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी शिंपडून पिशवी बंद करून काही दिवस ठेवतात, किती वेळ ते तुमच्या जाडीवर, वजन करून ठरवा, आधीचं वजन आणि नंतरचं. मात्र पाणी प्यायल्यावर माल थोडा फुगतो, त्यामुळे माप तपासायचं गेज त्यानंतर लावा.

आणि आता जे सांगते ते ऑपरेटरला दोनदा सांगा, कारण हे ऐकून कुणीतरी हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या दाणा टाकायच्या नरसाळ्यात, पाणी ओतेल. दाणा कोरडाच हवा! ओला दाणा मशीनमध्ये गेला तर मालावर चांदीसारख्या रेघा येतात आणि माल आतून कमजोर होतो, तो मग कितीही पाणी पाजा सुधारत नाही. ड्रायर चालू ठेवायचा, पाणी नंतर. रनर, म्हणजे मालाबरोबर निघणारी प्लॅस्टिकची जास्तीची काडी, दळून किती टक्के परत मिसळताय तेही एकदा बघा, पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि जिथे अक्षर नसतं तिथेच बहुतेक वेळा काहीतरी असतं. कायमचा उपाय मात्र मोल्डमध्येच आहे, हुक थोडा लांब करून स्ट्रेन साडेतीनच्या आत आणा म्हणजे एप्रिल काय नि जुलै काय.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टचा डबा थ्रीडी प्रिंट केला, पीएलए प्लॅस्टिकमध्ये. हुक काडेपेटीच्या काडीसारखे कटाकट तुटतात. डिझाइन चुकलं की प्रिंटर? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : बहुतेक हुक उभा प्रिंट केलास, हो ना? प्रिंटर एकावर एक थर रचत जातो, आणि दोन थरांमधली पकड थराच्या आतल्या प्लॅस्टिकपेक्षा कमजोर असते. उभ्या हुकाला वाकवलं की थर एकमेकांपासून उकलायला लागतात, पापुद्रे सुटावेत तसे. हुक आडवा झोपवून प्रिंट कर, म्हणजे धागे त्याच्या लांबीच्या दिशेने जातील. अख्खं झाकण झोपवता येत नसेल तर हुक वेगळा प्रिंट कर आणि झाकणाच्या खाचेत सरकवून बसव, दिसायला थोडं वेडंवाकडं पण टिकतं.

पीएलए कडक आहे, वाकायला नाराज. पीईटीजी प्लॅस्टिक घे, फरक पहिल्याच प्रिंटला कळेल. नोझल ०.४ ची असेल तर हुकाची जाडी तिच्या पटीत ठेव, १.२ किंवा १.६, मधला आकडा दिलास तर स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडणारा प्रोग्राम, आत पोकळी सोडतो कधी कधी. फटी ०.३ ते ०.५ ठेव, मोल्डिंगवाल्यांचं ०.१ तुला चालणार नाही. आणि उन्हात उभ्या गाडीत पीएलएचा डबा ठेवायचा नाही, पंचावन्न-साठ अंशांनंतर तो मऊ पडायला लागतो आणि हुक आपली नाक विसरतो.

एक धोका मात्र आहे. प्रिंट चांगला चालला म्हणून तेच डिझाइन मोल्डला टाकायचं, किंवा प्रिंट तुटला म्हणून चांगलं डिझाइन फेकायचं, दोन्ही मी बघितलंय. प्रिंटवर जागा, माप, हाताची सोय तपास, हुक किती टिकेल हे त्यावरून ठरवू नकोस.

प्रश्न : आम्ही हातात धरायचं एक मीटर युरोपला पाठवतो, डबा आतापर्यंत चिकटवून बंद करत होतो. गिऱ्हाईक म्हणतं २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला काढता आली पाहिजे. खरं आहे का, आणि हुकाने काम होईल का? (एक वाचक, वाळूज)

उत्तर : खरं आहे. युरोपियन युनियनचा २०२३ चा बॅटरीचा नियम आहे, त्यात हातात धरायच्या उपकरणांमधली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या साध्या अवजारांनी काढता-घालता आली पाहिजे असं आहे आणि ते १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतं. काही उपकरणांना सूट आहे, तुमचं त्यात बसतं का ते गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या.

हुकाने होईल, पण कायमचा बंद राहायच्या डब्याचा हुक आणि उघडायच्या डब्याचा हुक वेगळा. नाकेची मागची बाजू, जी धरून ठेवते ती, ९० अंशांची असेल तर डबा परत उघडत नाही, तोडावाच लागतो. ४५ च्या आसपास ठेवलीत तर ओढून उघडतो, नाहीतर ९० ठेवा आणि बाजूला स्क्रूड्रायव्हर घालायला खाच द्या, खाचेजवळ बाण कोरा, नाहीतर लोक नको तिथून उचकटतात. वारंवार उघडणार असेल तर एकदाच लावायच्या जोडाला जेवढा स्ट्रेन चालतो त्याच्या ६० टक्केच धरा. आणि आत बटन सेल असेल तर नुसत्या खटक्यावर भागवू नका, लहान मुलं ते सेल गिळतात आणि अन्ननलिका आतून भाजते, तिथे मुकाट स्क्रू द्या.

प्रश्न : पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक कव्हर आहे, हुक बसवताना काही होत नाही, स्ट्रेन ३ टक्के काढला होता, तोही फक्त लावताना. पण आठ-दहा दिवसांनी मुळाशी बारीक केसांसारखे तडे दिसतात. सप्लायर म्हणतो माल चांगला आहे. (एक वाचक, वेर्णा, गोवा)

उत्तर : माल चांगला असेलही. पीसीला, म्हणजे पॉलिकार्बोनेटला, क्षणभराचे ४ टक्के सोसतात, तुमचे ३ काही जास्त नाहीत, पण क्षणभर. दोन गोष्टी तपासा. हुक बसल्यावर पूर्ण सरळ होतो का? एक कव्हर करवतीने मधून कापा आणि बघा. बऱ्याचदा नाक खाचेत गेलेली असते, टक् आवाजही येतो, पण हुक अजून ०.२-०.३ ने वाकलेलाच असतो, खाच थोडी आत पडलेली असते किंवा आतलं गॅस्केट कव्हरला वर ढकलत असतं. मग तो ताण दिवसरात्र राहतो. प्लॅस्टिक त्याला हळूहळू शरण जातं, एबीएस असेल तर हुक नुसता सैल पडेल, पीसी तडकतं.

दुसरं, त्याला काय लागतंय. ताणाखालच्या पीसीला काही द्रव अजिबात चालत नाहीत, थिनर, काही तेलं, स्क्रूला लावायचं थ्रेडलॉकर, काही क्लीनर. नुसतं पीसी त्यात सहज टिकेल, नुसता ताणही सोसेल, दोन्ही एकत्र आले की तडे. म्हणून सप्लायरशी भांडायच्या आधी असेंब्लीच्या लाइनवर जा, कव्हर पुसायला फडक्यावर काय घेतात ते विचारा, टेबलाखालच्या बाटल्या बघा, विशेषतः ज्यांच्यावर लेबल नाही त्या.